सिमशिवाय, रिचार्जशिवाय चालणारा खिशातला ऑर्गनायझर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुलै २०२४ मध्ये मोबाइलचे रिचार्ज महागल्यापासून एक प्रश्न सतत येतो: बोलायला साधा फोन पुरतो, पण तारखा, नंबर, उधारी, औषधांच्या वेळा ठेवायला वेगळं काहीतरी हवं. त्याला सिम नको, महिन्याचा खर्चही नको. त्याबद्दल जे जे विचारलं जातं, त्याची उत्तरं इथे आहेत. सोपे प्रश्न आधी आणि अडचणीचे नंतर घेतले आहेत.

१. ऑर्गनायझर म्हणजे नक्की काय? शेवटी फोनच ना?

वस्तू फोनच असू शकते, काम मात्र वेगळं. कॅलेंडर, पत्ते, नोंदी आणि वेळेवर वाजणारी आठवण या चार गोष्टी ज्याच्यावर नीट चालतात, तो ऑर्गनायझर. चारही गोष्टी सिम न टाकलेल्या अँड्रॉइड फोनवर होतात, वाय-फायवाल्या छोट्या टॅबवर होतात, आणि जुन्या डिजिटल डायरीवरही थोड्याफार होतात. घेताना दोनच गोष्टींना जास्त वजन द्या: आठवण खात्रीने वाजते का (प्रश्न ८), आणि आत भरलेलं उद्या बाहेर काढता येतं का (प्रश्न १७). कॅमेरा, गेम, स्क्रीनचा आकार हे सगळं त्यानंतर.

२. सिम न टाकता अँड्रॉइड फोन खरंच चालतो? काय बंद पडतं?

चालतो. पहिल्यांदा सुरू करताना सिमचा पडदा आला की ‘स्किप’ करा आणि वाय-फाय जोडा. कॅलेंडर, नोट्स, घड्याळ, कॅल्क्युलेटर, कॅमेरा, गाणी, पीडीएफ या सगळ्याला सिम लागत नाही. जीपीएससुद्धा सिमशिवाय चालतं, फक्त इंटरनेट नसताना पहिल्यांदा जागा शोधायला काही मिनिटं घेतं. आपल्या शहराचा, उदाहरणार्थ नागपूरचा, नकाशा आधीच ऑफलाइन उतरवून ठेवला तर रस्ता बघता येतो.

साधे कॉल, एसएमएस आणि ज्या ॲपना त्याच फोनमधल्या सिमची खातरजमा लागते ती कामं बंद पडतात. त्याबद्दल प्रश्न १३ बघा.

३. बजेट किती ठेवू?

सेकंडहँड चांगल्या फोनसाठी साधारण तीन ते पाच हजार पुरतात. रॅम निदान ३ जीबी आणि स्टोरेज ३२ जीबी धरा. १६ जीबीचा फोन स्वस्त मिळतो, पण त्यातली निम्म्याहून जास्त जागा सिस्टिमच खाते आणि दोन-तीन अपडेटनंतर ‘स्टोरेज फुल’ यायला लागतं. ज्यांना अक्षरं मोठी हवीत, त्यांना आठ इंची वाय-फाय टॅब बरा, पण तो शर्टाच्या खिशात मावत नाही. खिशात मावत नाही ते घरी राहतं, आणि ऑर्गनायझर घरी राहिला की त्याचा उपयोग निम्मा होतो. म्हणून फिरतीचं काम असेल तर फोनच्या आकाराचंच घ्या.

ई-बुक वाचायचं यंत्र यासाठी घेऊ नका. त्यात आठवण वाजवायची सोय सहसा नसते.

४. घरात जुना फोन पडला आहे. तोच वापरू का?

आधी तोच बघा, फुकटात काम होईल. सेटिंग्जमध्ये ‘अबाउट फोन’ उघडून अँड्रॉइडची आवृत्ती पाहा.

आवृत्ती १० किंवा पुढची असेल तर बिनधास्त वापरा. ८ किंवा ९ असेल तर आज चालेल, पण एकेक ॲप साथ सोडत जाईल. क्रोम ब्राउझरची १३९वी आवृत्ती आली तीच मुळात अँड्रॉइड १० मागत. ७ किंवा त्याखाली असेल तर गजर आणि साध्या नोंदी एवढ्यावरच भागवावं लागेल. २.३ च्या जमान्यातल्या फोनवर तर सप्टेंबर २०२१ पासून गुगल खात्यात शिरताच येत नाही.

फोन वर्षभर कपाटात पडून असेल तर चार्जिंगला लावण्याआधी तो सपाट काचेवर पालथा-उताणा ठेवून बघा. डोलत असेल किंवा मागचं झाकण उचललेलं दिसत असेल तर प्रश्न १८ वाचल्याशिवाय लावू नका.

५. बर्डीत (नागपूरच्या सीताबर्डी बाजारात) सेकंडहँड घ्यायला जातोय. दुकानात उभ्या उभ्या काय तपासू?

पंधरा-वीस मिनिटं हाताशी ठेवून जा, दुकानं गर्दीची असतात आणि घाई करायला लावतात. क्रम असा ठेवा:

खातं. सगळ्यात आधी दुकानदाराला समोर सेटिंग्जमधून ‘फॅक्टरी रिसेट’ करायला सांगा. फोन पुन्हा सुरू झाल्यावर आधीच्या मालकाचं गुगल खातं किंवा जुना पिन मागितला, तर तो फोन तिथेच ठेवा. अँड्रॉइड ५.१ पासून हे कुलूप आहे. “घरी गेल्यावर मी तोडून देतो” यावर विसंबू नका.

आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक. डायल पॅडवर *#०६# दाबा, १५ आकडी क्रमांक दिसेल. दोन सिमच्या फोनला दोन क्रमांक असतात, दोन्ही तपासा. आपल्या चालू फोनवरून इंग्रजी कॅपिटलमध्ये ‘के-वाय-एम’ ही तीन अक्षरं, एक जागा मोकळी आणि पुढे तो क्रमांक लिहून १४४२२ वर एसएमएस करा. दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवरही हेच कळतं. ‘ब्लॅकलिस्टेड’ किंवा ‘डुप्लिकेट’ असं उत्तर आलं की घेऊ नका. सिम टाकायचंच नाही तर याची काय गरज, असं अनेक जण विचारतात. गरज इथेच जास्त आहे: चोरीचा म्हणून ब्लॉक झालेला फोन वाय-फायवर अगदी छान चालतो, त्यामुळे तो ‘फक्त वाय-फायचा’ म्हणून खपवला जातो. चोरीचा आहे हे माहीत असून किंवा तसं मानायला कारण असून माल ठेवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खालचा गुन्हा आहे.

टच. मुख्य पडद्यावरचं एखादं चिन्ह बोटाने दाबून धरा आणि न सोडता डावीकडून उजवीकडे, पट्टी-पट्टीने वरपासून खालपर्यंत फिरवा. कुठे ते हातातून निसटलं तर तिथे टच मेलेला आहे. हा पट्टा बहुधा कीबोर्डच्या ओळीत सापडतो आणि मग एकच अक्षर कधीच उमटत नाही. सॅमसंगच्या बऱ्याच फोनमध्ये *#०*# दाबल्यावर तपासणीचा मेनू उघडतो.

बॅटरी. प्रकाश पूर्ण वाढवून दहा मिनिटं एखादा व्हिडिओ चालू ठेवा. दोन-तीन टक्के उतरणं ठीक. सात-आठ टक्के उतरली किंवा टक्केवारी उड्या मारायला लागली तर नवी बॅटरी टाकावी लागणार, ती किंमत आधीच वजा करून बोला.

चार्जिंगची खाच. केबल लावून हलकेच हलवा. चार्जिंग तुटक-तुटक होत असेल तर आधी खाचेत टॉर्च मारून बघा. पुष्कळदा आत खिशातला कापूस घट्ट बसलेला असतो. फोन बंद करून लाकडी टूथपिकने काढला की खाच ठीक चालते. कापूस नसेल तर खाच बदलावी लागेल.

स्पीकर. गजर लावून तो वाजतोय का बघा. ही वस्तू घेण्याचं निम्मं कारण तेच आहे, आणि नेमकी हीच तपासणी राहून जाते.

वाय-फाय. दुकानाच्या नाही, आपल्या मोबाइलच्या हॉटस्पॉटला जोडून पाहा आणि दहा पावलं लांब जा. तेवढ्यात तुटलं तर अँटेना गेलेला आहे.

बिल घ्या, आणि त्यावर आयएमईआय लिहून घ्या.

६. दुकानदार म्हणतो, “अमेरिकेतला लॉक्ड पीस आहे, सिम चालणार नाही, म्हणून स्वस्त.” घेऊ का?

तिकडे फोन मोबाइल कंपनीशी केलेल्या करारावर विकले जातात आणि करार असेपर्यंत दुसऱ्या कंपनीचं सिम त्यात चालत नाही. आपल्याला सिमच टाकायचं नाही, त्यामुळे नुसत्या या कारणाने नाकारायची गरज नाही. खातं आणि आयएमईआय मात्र प्रश्न ५ प्रमाणे तपासा. आयफोन असेल तर आधीच्या मालकाचं ॲपल खातं निघालेलं हवं. काही जुने आयफोन पहिल्यांदा सुरू करताना सिम मागतात, तेव्हा दुकानातच कोणाचं तरी सिम टाकून तो सुरू होतो का बघा.

“नेटवर्कचा आयसी (चिप) गेला आहे, वाय-फाय चालतं” हे प्रकरण वेगळं. असा फोन बहुधा आतून उघडून झालेला असतो, तो तापू शकतो आणि अधूनमधून आपोआप बंद होऊ शकतो. तो घेऊ नका.

७. घरी आणल्यावर सेटिंग कसं करू?

वाय-फाय जोडून सगळे अपडेट आधी होऊ द्या. मग आपल्या नेहमीच्या गुगल खात्याने शिरा, म्हणजे जुने नंबर आणि तारखा आपोआप येतील. खात्याला दुहेरी पडताळणी असेल तर पहिल्यांदा मुख्य फोन जवळ लागेल. तेव्हाच खात्याच्या सुरक्षा पानावरून दहा बॅकअप कोड काढून कागदावर लिहून ठेवा. प्रत्येक कोड आठ आकडी असतो आणि एकदाच चालतो.

नंतर एअरप्लेन मोड चालू करा आणि त्यातच वाय-फाय पुन्हा चालू करा. हे फार महत्त्वाचं आहे. सिम नसलं तरी फोन टॉवर शोधत बसतो आणि ‘इमर्जन्सी कॉल्स ओन्ली’ दाखवत दिवसभर बॅटरी जाळतो. “सिम नाही, तरी संध्याकाळपर्यंत उतरते” या तक्रारीचं कारण बहुतेक वेळा हेच निघतं.

टाइमझोन हाताने भारताचा निवडा. सिम नसल्याने फोनला देश आपोआप कळत नाही, आणि बाहेरून आलेल्या पीसमध्ये घड्याळ भलत्याच वेळेवर असतं. शेवटी नको ती ॲप काढा आणि कॅलेंडर, नोंदी, घड्याळ ही तीन चिन्हं पहिल्या पडद्यावर ठेवा.

८. तारीख टाकली होती, पण आठवण वाजलीच नाही. असं का होतं?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, आणि कारणं एकाहून जास्त असतात.

पहिलं कारण बॅटरी वाचवण्याची सोय. अनेक कंपन्यांच्या फोनमध्ये न वापरलेलं ॲप मागच्या मागे झोपवलं जातं. सेटिंग्जमध्ये ॲप्स, कॅलेंडर, बॅटरी असं जाऊन ‘अनरिस्ट्रिक्टेड’ निवडा. शाओमीच्या फोनमध्ये त्याशिवाय ‘ऑटोस्टार्ट’ही चालू करावं लागतं. अँड्रॉइड १२ पासून ‘अलार्म्स अँड रिमाइंडर्स’ आणि १३ पासून नोटिफिकेशन यांची परवानगी वेगळी आहे, तीही बघा.

दुसरं, मुख्य फोनवर टाकलेली नोंद इकडे आलेलीच नसते. ऑर्गनायझरवरच टाकलेली आठवण इंटरनेटशिवाय वाजते. दुसरीकडे टाकलेली मात्र वाय-फाय मिळून सिंक झाल्यावरच इथे पोचते. सकाळी घरून निघण्याआधी एकदा कॅलेंडर उघडून ‘रिफ्रेश’ करा.

तिसरं कारण सहसा लक्षात येत नाही. फोन बंद पडून पुन्हा सुरू झाला आणि तुम्ही एकदाही पिन टाकला नाही, तर कॅलेंडरच्या नोंदी कुलूपबंदच राहतात आणि आठवण येत नाही. अँड्रॉइडच्या घड्याळातला गजर मात्र अशाही वेळी वाजतो. म्हणून रिस्टार्ट झाल्याबरोबर एकदा पिन टाकायची सवय लावा.

चौथं, पूर्ण दिवसाच्या नोंदीची आठवण वेगळी लावावी लागते. ‘१५ तारखेला विम्याचा हप्ता’ एवढंच टाकून सोडलं तर आठवण लावलेली नसल्यास काहीच वाजणार नाही. त्याला सकाळी दहाची वेळ द्या.

आणि एक फरक: कॅलेंडर एकदा ‘टिंग’ करून गप्प होतं. रक्तदाबाची गोळी, गॅसवर ठेवलेलं काही, परीक्षेची वेळ यांसाठी घड्याळातला गजरच लावा. तो बंद करेपर्यंत, निदान काही मिनिटं तरी, वाजत राहतो.

९. मेच्या उन्हात फोन खिशात नेणं योग्य आहे का?

खिशात ठीक आहे. गाडीच्या डिक्कीत नाही. नागपुरात मेमध्ये पारा ४५ च्या पुढे जातो आणि उन्हात उभ्या स्कूटरच्या डिक्कीत त्याहून कितीतरी जास्त तापतं. बहुतेक फोन ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरायला बनवलेले असतात. तापलेला फोन लगेच चार्जिंगला लावणं सगळ्यात वाईट. लिथियमची बॅटरी उष्णतेत चार्ज झाली की तिची ताकद कायमची कमी होते. सावलीत अर्धा तास ठेवा, वरचं कव्हर काढा, मग लावा. फ्रिजमध्ये ठेवू नका, आत पाणी धरतं.

दुसरी गोष्ट कूलरची. रात्री कूलरच्या झोतात फोन चार्जिंगला ठेवायची सवय घरोघरी आहे. गारव्यापेक्षा दमटपणा जास्त लागतो, चार्जिंगच्या खाचेतल्या धातूच्या पट्ट्या हिरवट पडतात आणि पावसाळ्यापर्यंत केबल नीट बसेनाशी होते. कूलरपासून लांब, पण हवेशीर जागी लावा.

१०. मराठीत लिहिता येईल का? टायपिंग जमत नाही.

येईल. जीबोर्ड या गुगलच्या कीबोर्डमध्ये मराठी भाषा जोडा. देवनागरी अक्षरं, इंग्रजी अक्षरांतून मराठी, आणि बोटाने लिहून, असे तिन्ही मार्ग आहेत. ज्येष्ठांना बोटाने लिहिणं लवकर जमतं. बोलून लिहायचं असेल तर वाय-फाय असताना बोला.

एक सवय पाळा: नावं एकाच लिपीत ठेवा. अर्धे नंबर देवनागरीत आणि अर्धे इंग्रजीत असले की शोधताना माणूस सापडत नाही.

११. नागपूरच्या कळमन्याच्या बाजारात इंटरनेट नसतं. तिथे उधारीची नोंद करता येईल?

हो. गुगल कीप (गुगलचं नोंदींचं ॲप) आणि कॅलेंडर नोंद फोनवर ठेवतात, वाय-फाय मिळालं की वर पाठवतात. फक्त तीच नोट दोन यंत्रांवर एकाच वेळी बदलू नका, एका बाजूचा बदल हरवू शकतो. बाजाराची नोंद ऑर्गनायझरवर, घरची मुख्य फोनवर, अशी वाटणी करा. उधारीसाठी रोज नवी नोट करू नका. एका गिऱ्हाइकाला एक नोट, तारीख वर आणि रक्कम पुढे, म्हणजे शोधात नाव टाकलं की सगळं एकत्र दिसतं.

१२. तिथीने येणारं श्राद्ध किंवा वाढदिवस दरवर्षी आपोआप येईल का?

नाही, आणि इथे फसगत होते. कॅलेंडरमधली ‘दरवर्षी’ ही सोय इंग्रजी तारखेवर चालते. चांद्र वर्ष साधारण अकरा दिवसांनी लहान असल्याने तिथी दरवर्षी मागे सरकते आणि अधिक महिना आला की एकदम पुढे जाते. गुढीपाडवा २०२५ मध्ये ३० मार्चला होता, २०२६ मध्ये १९ मार्चला, आणि मध्ये अधिक ज्येष्ठ आल्यामुळे २०२७ मध्ये ७ एप्रिलला. म्हणून ‘दरवर्षी’ न लावता जानेवारीत पंचांग घेऊन बसा आणि त्या वर्षाच्या तारखा एकेक करून टाका. नोंदीच्या नावातच तिथी लिहा: ‘आजोबा, भाद्रपद वद्य सप्तमी’. पोळा, तान्हा पोळा, मारबत हेही तसंच. पुढच्या जानेवारीसाठी ‘पंचांगावरून तारखा टाका’ अशी एक नोंद करून ठेवा, ती मात्र दरवर्षी चालते.

१३. यूपीआय, ओटीपी, व्हॉट्सॲप?

यूपीआय नाही. नोंदणीच्या वेळी ॲप त्याच फोनमधल्या सिमवरून एसएमएस पाठवतं, सिम नाही म्हणजे नोंदणी नाही. ओटीपी साध्या फोनवर येईल, तिथून बघून टाका. व्हॉट्सॲप चालतं, जोडलेलं यंत्र म्हणून. एका खात्याला अशी चार जोडता येतात. पण मुख्य व्हॉट्सॲप दुसऱ्या स्मार्टफोनवर हवं आणि ते १४ दिवसांत एकदा तरी उघडावं लागतं. बोलायला कीपॅडचा फोनच असेल तर हा मार्ग बंद आहे.

आमचा सल्ला: ऑर्गनायझरवर व्हॉट्सॲप घेऊच नका. संदेशांच्या गर्दीत औषधाची आठवण बुडते.

१४. कीपॅडच्या फोनमध्ये कॅलेंडर असतंच की. वेगळं कशाला?

दोन-चार गजर आणि शे-दोनशे नंबर एवढंच काम असेल तर खरंच वेगळं घेऊ नका. नोंदी शोधायच्या असतील, मराठीत लांब लिहायचं असेल किंवा फोन हरवल्यावर सगळं परत हवं असेल, तेव्हाच वेगळं यंत्र लागतं.

१५. जुना पाम (स्मार्टफोनच्या आधीचा खिशातला छोटा संगणक) किंवा डिजिटल डायरी स्वस्तात मिळतेय. चांगली का?

हौस म्हणून घ्या, रोजच्या कामाला नको. पाम एम१०० सारखी यंत्रं दोन ट्रिपल-ए सेलवर कित्येक आठवडे चालतात, हे खरं. पण २००४ च्या टंगस्टन टी५ च्या आधीच्या पाममध्ये सगळा मजकूर चालू विजेवरच टिकतो. सेल पूर्ण उतरले की सगळं पुसलं जातं. देवनागरी मुळात नाही, ६४ बिट विंडोजला यूएसबीने जोडायला पामचा स्वतःचा ड्रायव्हर नाही, आणि कॅलेंडर २०३१ च्या पुढे जात नाही.

डिजिटल डायरीत मुख्य सेल आणि बॅकअपचा सेल असे दोन असतात. दोन्ही एकदम काढले की नंबर गेले. एक बदला, झाकण लावा, यंत्र सुरू होतंय ते बघा, मग दुसरा.

१६. हरवला तर शोधता येईल का?

सिम नसल्याने आणि एअरप्लेन मोडमुळे शक्यता कमी. ओळखीच्या वाय-फायला जोडला गेला तरच ठिकाण दिसेल. त्यामुळे आधीच तयारी ठेवा: सहा आकडी पिन, आणि लॉक स्क्रीनवर घरचा एक नंबर. बँकेचे पासवर्ड आणि एटीएमचा पिन नोट्समध्ये कधीच लिहू नका. मजकूर गुगल खात्यात असेल तर नव्या यंत्रावर शिरताच परत येतो.

१७. गुगलवर विसंबायचं नाही. नोंदी स्वतःकडे कशा ठेवू?

नंबर: कॉन्टॅक्ट्स ॲपमध्ये ‘एक्सपोर्ट’ करा, व्हीसीएफ फाइल तयार होते. ती जवळपास कोणताही स्मार्टफोन वाचतो. कॅलेंडर: संगणकावर गुगल कॅलेंडरच्या सेटिंगमधून एक्सपोर्ट केलं की आयसीएस फाइल मिळते. दोन्ही पेन ड्राइव्हवर ठेवा, तीन महिन्यांतून एकदा, जुनी फाइल न पुसता.

नवं नोट ॲप घेण्याआधी त्यात दोन नोंदी करून त्या बाहेर काढून पाहा. एक्सपोर्टची सोय सापडली नाही तर ते ॲप कितीही छान असलं तरी सोडा.

१८. मागचं झाकण फुगलं आहे. अजून चालतोय, वापरू का?

नाही. बॅटरीत वायू धरला आहे. चार्जर काढा, फोन बंद करा, दाबू नका, टोचू नका, झाकण बळाने बसवू नका. कापड-कागदापासून लांब, फरशीवर ठेवा आणि दुरुस्तीवाल्याकडून बॅटरी काढून घ्या. मजकूर आत अडकला असेल तर नवी बॅटरी टाकून मग काढा. काढलेली बॅटरी घरच्या कचऱ्यात टाकू नका. कचरागाडीत दाबली गेली की पेट घेते. ई-कचरा घेणाऱ्याकडेच द्या, आणि तोपर्यंत तिच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून ठेवा.